गोळीचा शृंगार

कॅन्सरच्या पेशंटनं कसं दिसायचं, हे हिंदी सिनेमानं आणि संध्याकाळच्या मालिकांनी कधीच ठरवून टाकलंय. डोक्याचा गोटा, त्यावर फिका रुमाल, डोळ्यांखाली काळं, खांद्यावर शाल आणि खिडकीतून बाहेर बघत बसणं. भेटायला येणारी माणसं हेच चित्र मनात धरून रिक्षात बसतात. वाटेत शहाळी घेतात, चेहरा तयार करतात, दारात चपला काढताना आवाज खाली आणतात. आणि दार उघडते ती कुरळ्या केसांची, लांबसडक पापण्यांची, गालभर पुटकुळ्या आलेली चौसष्ट वर्षांची बाई. पाहुण्यांची फार पंचाईत होते. घरून तयार करून आणलेल्या चेहऱ्याचं काय करावं ते त्यांना कळत नाही.

ती बाई म्हणजे मी. साताऱ्यात आयुष्यभर मुलांना विज्ञान शिकवलं, निवृत्त झाले आणि आता फुप्फुसाच्या कॅन्सरची पेशंट आहे. मला किमो नाही, म्हणून डोक्यावरचे केस जागेवर आहेत. मला रोज एक गोळी असते, जेफिटिनिब नावाची, २५० मिलिग्रॅमची. सकाळी चहा झाला की घ्यायची, झालं. फक्त तिच्या जोडीला मनानं ॲसिडिटीची गोळी घ्यायची नाही, कारण पोटातलं आम्ल फार कमी झालं की ही नीट शोषली जात नाही. पित्ताची गोळी पर्समध्ये घेऊन हिंडणाऱ्या आमच्या पिढीला हेच पथ्य सगळ्यांत जड जातं.

फुप्फुसाचा कॅन्सर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला. माझ्याकडे बघून तो विचारायची सोय नसते, म्हणून पाहुणे सोफ्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेल्या आमच्या ह्यांच्याकडे बघतात. ह्यांनी जन्मात विडी ओढलेली नाही. सुपारीसुद्धा खायची तर बडीशेपेतून शोधून. पण एवढी चांगली बायको, तिला फुप्फुसाचा कॅन्सर, म्हणजे घरात कुणीतरी धूर केलाच असणार, असा निकाल लागतो आणि ह्यांना तो निमूट ऐकावा लागतो. खरं तर माझ्या जातीचा कॅन्सर कधीच न ओढणाऱ्यांत जास्त सापडतो, त्यातही बायकांत आणि आशियातल्या लोकांत. मी हे समजावून सांगते. पाहुणे मान डोलावतात आणि जाताना पुन्हा एकदा ह्यांच्याकडे बघून घेतात.

गोळी सुरू झाली आणि दुसऱ्या आठवड्यात नाकाच्या शेंड्यावर पहिली पुटकुळी आली. मग कपाळावर, गालांवर, हनुवटीवर, गळ्याखाली, पाठीवर, एवढंच काय केसांच्या मुळाशीसुद्धा. लाल, टोकाला पिवळसर, हात लागला की ठणकणाऱ्या. आरशात बघितलं तर नववी-ब मधली माझी एखादी विद्यार्थिनी पन्नास वर्षांनी मोठी होऊन समोर उभी. पोरींना मी वर्गात सांगायचे, फोडू नका गं, डाग राहतात. आता नातीनं मला सांगितलं, आजी, फोडू नकोस.

नातेवाइकांचं निदान एकमतानं झालं : उष्णता. मराठी माणसाच्या शरीरात जे जे काही बाहेरून दिसतं, ते ते सगळं उष्णतेनं होतं. थोरल्या नणंदबाईंनी सब्जा पाठवला, शेजारच्या काकूंनी गुलकंदाची बरणी, आणि कोल्हापूरच्या मावसबहिणीनं फोनवर सांगितलं, मुलतानी माती आणि लिंबू लाव, चार दिवसांत चेहरा असा होतो बघ. चुलतसासूबाईंनी तर मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. त्या म्हणाल्या, ‘दृष्टच आहे ती. आजारी असून एवढी टवटवीत दिसायला लागलीस, कुणाला बघवेल?’

वैद्यकीय बाजू अशी की ह्या दिसतात तारुण्यपिटिका, पण त्या नव्हेत. खऱ्या पिटिकांत छिद्र बुजतं, काळं टोक धरतं. इथे ते काळं टोक नसतंच. त्वचेच्या पेशी गडबडून लवकर पिकतात, मदतीच्या हाका मारतात, त्या हाकांनी पांढऱ्या पेशी धावून येतात आणि त्यांच्या गर्दीची पुटकुळी होते. म्हणून पोरींची पिंपल्सवरची क्रीमं इथे उलटतात. आधीच कोरडी पडलेली कातडी आणखी कोरडी करतात. लिंबू आणि मुलतानी माती तर विचारूच नका. मला मिळालं ते अगदी बिनशृंगाराचं : बिनवासाचं मॉइश्चरायझर, सौम्य स्टेरॉइडचं मलम, डॉक्सिसायक्लिनच्या कॅप्सूल आणि उन्हात जाताना सनस्क्रीन. साताऱ्याच्या भाजीबाजारात पांढरा चेहरा करून कोथिंबिरीची जुडी निवडणं हा अनुभव मी सगळ्यांना सुचवीन. भाजीवाली घासाघीसच करत नाही.

पण खरी गंमत दवाखान्यात झाली. माझा चेहरा बघून डॉक्टर खूश झाले. कॅन्सरचा डॉक्टर आपल्याकडे बघून खूश होणं ही गोष्ट इतकी दुर्मीळ आहे की मी मागे वळून पाहिलं, दुसरं कोणी आलंय का. ते म्हणाले, पुरळ येणं म्हणजे औषध अंगात नीट पोचल्याची एक खूण समजायला हरकत नाही. ह्या जातीच्या औषधांच्या बऱ्याच अभ्यासांत असं दिसलंय की ज्यांना पुरळ येतं, त्यांना सरासरीनं औषध बरं लागू पडतं. लगेच त्यांनी पुस्ती जोडली : ही सरासरी आहे, हमी नव्हे, पुरळ न येताही उत्तम चाललेले लोक आहेत. त्यांची पुस्ती कोण ऐकतंय! बाहेरच्या बाकड्यांवर हा निकाल कधीच लागलेला होता.

त्या बाकड्यांचं एक स्वतंत्र जग आहे. रिपोर्टांच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेली आम्ही गोळीवाली मंडळी एकमेकांचे चेहरे अशा बारकाईनं न्याहाळतो की उपवर मुलीलासुद्धा कुणी इतकं पाहत नसेल. ‘तुमचं छान उठलंय हो,’ एक बाई मला म्हणाल्या. आवाजात खरा हेवा होता. त्यांचा स्वतःचा चेहरा तुळतुळीत. ‘माझं काहीच येत नाही. महिना व्हायला आला.’ मी त्यांना डॉक्टरांची पुस्ती ऐकवली, सरासरी म्हणजे काय ते समजावलं, सात मुलांच्या उंचीचं उदाहरणसुद्धा दिलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, ‘तरी पण, दोन-चार आल्या असत्या तर बरं वाटलं असतं.’ चार पुटकुळ्यांसाठी देवाला साकडं घालणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली.

काही जणांना गोळीच्या जोडीनं किमोही असते. मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी साडेतीनशे पेशंटांवर तशी चाचणी केली होती. तिचे निष्कर्ष २०२० मध्ये छापून आले. दोन्ही एकत्र दिलं की आजार जास्त काळ दबून राहतो आणि अंगावर निघणारा त्रासही वाढतो. तेव्हा बाकड्यावर मिश्र चेहरेही असतात, केस विरळ आणि पुटकुळ्या भरघोस.

आता हे सगळं का होतं, ते सांगितल्याशिवाय माझ्यातली मास्तरीण गप्प बसायची नाही.

पेशीच्या पृष्ठभागावर ईजीएफआर नावाचा एक ग्राहक असतो. बाहेरून निरोप आला की तो आत कळवतो : वाढा, दुप्पट व्हा. शाळेच्या घंटेसारखं हे काम. घंटा वाजली की वर्ग सुरू, पुन्हा वाजली की बंद. माझ्या गाठीतल्या पेशींत ह्या घंटेचं बटण अडकून बसलंय; कुणी दाबो न दाबो, ती वाजतच राहते आणि पेशी वाढतच राहतात. गोळी जाऊन त्या घंटेचा लोलक धरून ठेवते. अडचण एवढीच की हीच घंटा त्वचेच्या, केसांच्या आणि नखांच्या मुळाशीही टांगलेली आहे, आणि तिथे ती रीतसर वेळेवर वाजत असते. गोळी बिघडलेल्या घंटेला जास्त घट्ट धरते हे खरं, पण शेजारच्या शहाण्या शाळेतल्या घंटेवरही तिचा हात पडतोच. मग तिथली पोरं कुठल्या तासाला कुठे बसावं हे न कळून गोंधळ घालतात, आणि तो गोंधळ माझ्या चेहऱ्यावर निघतो.

ह्या घंटेचा शोध लागला तोही पापण्यांवरूनच. स्टॅन्ली कोहेन नावाचे अमेरिकन शास्त्रज्ञ रीटा लेव्ही-मॉन्ताल्चिनी ह्या विदुषींबरोबर नसांच्या वाढीचा पदार्थ शोधत होते. उंदरांच्या लाळग्रंथींचा अर्क त्यांनी नवजात पिल्लांना टोचला, तर वेगळंच घडलं. उंदराची पिल्लं जन्मल्यावर दोनेक आठवडे डोळे मिटून असतात. ह्या पिल्लांनी सातव्या दिवसाच्या आसपासच डोळे उघडले, दातही लवकर आले. दुसरा कुणी असता तर ‘नोंद घेतली’ म्हणून पुढे गेला असता. कोहेननी तो पापण्या उघडणारा पदार्थ वेगळा काढला, १९६२ साली त्यावर लिहिलं, आणि १९८६ मध्ये दोघांना मिळून नोबेल मिळालं. तो पदार्थ म्हणजे ह्या घंटेला मिळणारा निरोप.

आणि कुरळ्या केसांचंही कोडं उंदरांनीच सोडवलं. १९३० च्या दशकात उंदीर पाळणाऱ्या जनुकशास्त्रज्ञांना लाटालाटांच्या केसांचे, वाकड्या मिशांचे उंदीर सापडले होते. गोंडस दिसतात म्हणून नव्हे, वेगळे दिसतात म्हणून त्यांची वंशावळ जपली गेली. साठ वर्षांनी कळलं की त्यातल्या एका घराण्यात ईजीएफआरच जन्मजात अशक्त आहे, आणि दुसऱ्यात त्याला मिळणारा एक निरोप नाहीसा आहे. म्हणजे घंटा हळू वाजली की केस कुरळे होतात आणि मिशा वाकतात. हे सगळं वाचल्यावर मी आरशात पाहिलं. हनुवटीवर एक वाकडा केस होताच.

औषध आलं तेव्हा मात्र हे कुणी नीट जुळवलेलं नव्हतं. जेफिटिनिबला २००२ मध्ये पहिली परवानगी जपाननं दिली. फारच थोड्यांना ते लागू पडायचं, पण ज्यांना पडायचं त्यांची गाठ आठवड्यांत विरघळायची, आणि त्यांत न ओढणाऱ्या बायका जास्त निघायच्या. असं का, ह्याचं उत्तर २००४ मध्ये बॉस्टनच्या दोन गटांना मिळालं : त्यांच्या गाठींतलं बटण अडकलेलं होतं. पुढे आधी गाठीचा तुकडा तपासायचा, मग गोळी द्यायची, अशी रीत पडली.

पापण्यांची गोष्ट पुटकुळ्यांइतकी घाईची नसते. त्यांना काही महिने लागतात. एक दिवस वाचताना चष्म्याच्या काचेवर काहीतरी घासतंय असं वाटलं. काच पुसली, पुन्हा घासलं. चष्मेवाल्याकडे जाऊन नाकावरच्या पट्ट्या बदलून आणल्या. मग सूनबाईनं जवळून पाहिलं आणि म्हणाली, ‘आई, तुमच्या पापण्या काचेला लागतायत.’ पापणीचा केस साधारण सेंटिमीटरभर वाढला की घंटा होते, तो थांबतो, काही महिन्यांनी गळतो. घंटाच नाही म्हटल्यावर तो वाढतच राहिला. काही वर गेले, काही आडवे, दोन-तीन तर गोल वळून स्वतःकडेच परत आले. भुवयाही जाड झाल्या. साधं दूध तापवताना उभी असले तरी मी तमाशातल्या एखाद्या नायिकेसारखी दिसायला लागले.

घरात लग्न होतं त्याच सुमाराला. दिराच्या मुलीचं. नवरी आणि तिच्या मैत्रिणी पापण्यांना नकली केस चिकटवून घ्यायला पार्लरमध्ये बसल्या होत्या. एकेक केस चिमट्यानं लावायचा, तास-दीड तास हलायचं नाही, आणि बिल ऐकून ह्यांनी पाणी मागितलं. मी कोपऱ्यात. तिथली मुलगी माझ्याकडे बघून म्हणाली, ‘काकू, तुमचं कुठे केलंय? क्लासिक आहे की व्हॉल्यूम?’ मी म्हटलं, ‘जेफिटिनिब.’ तिनं नाव लिहून घेतलं. बिचारीला वाटलं कोरियन कंपनी असेल.

तिचंही अगदीच चुकलं असं नाही. पापण्या वाढवायचं औषध खरोखर मिळतं. काचबिंदूसाठी डोळ्यांत घालायचे बायमॅटोप्रॉस्टचे थेंब होते. ते घालणाऱ्या म्हाताऱ्यांच्या पापण्या लांब व्हायला लागल्या, आणि डिसेंबर २००८ मध्ये अमेरिकेत तेच औषध खास पापण्यांसाठी मंजूर झालं. एकाचा दुष्परिणाम दुसऱ्याचा शृंगार, हे औषधांच्या दुकानात नेहमीचं आहे. माझ्या गोळीची अशी सौंदर्यप्रसाधनं कुणी काढणार नाही, कारण ती पापण्यांबरोबर बाकीचं सगळं पॅकेज देते.

आणि त्या पापण्यांची एक वाईट बाजूही आहे. आतल्या बाजूला वळलेला केस बुबुळाला टोचत राहतो. डोळा लाल होतो, दुर्लक्ष केलं तर बुबुळावर जखम होते. म्हणून दर थोड्या दिवसांनी नेत्रतज्ज्ञाकडे जाऊन त्या कापून घ्यायच्या. आमच्या बाकड्यावरच्या बार्शीकडच्या एका शेतकरी गृहस्थांनी हे घरीच उरकलं होतं, मिशांच्या कात्रीनं, ट्रॅक्टरच्या आरशात बघून. डॉक्टरांनी त्यांना असं झापलं की सगळा व्हरांडा गप्प झाला. बाहेर येऊन ते मला म्हणाले, ‘काय करू ताई, गावात पोरं हिरोईन म्हणायला लागली.’ रांगडा, मिशीवाला माणूस, हातापायांवर मातीचे घट्टे, आणि ह्या अशा पापण्या. मला हसू आलं. मग त्यांनाही आलं.

त्या हसण्याच्या मागचं मात्र मला सांगायचं आहे. आम्हा बायकांच्या बाबतीत हे केस फक्त पापण्यांवर थांबत नाहीत. वरच्या ओठावर येतात, गालांच्या कडेला लव दाट होते, हनुवटीवर ते वाकडे. दुसरीकडे डोक्यावरचे केस मात्र बारीक, ठिसूळ, कुरकुरीत होतात; माझी जन्मभराची सरळ वेणी आता विंचरताना कंगव्यात तुटते. पार्लरमधली मुलगी दोऱ्यानं ओठ करायला धजावत नाही, आणि बरंच आहे. पुटकुळ्यांवरून दोरा फिरवणं किंवा मेण ओढणं म्हणजे सालटं काढणं. छोट्या कात्रीनं छाटते. हे मी एकदा बोलून दाखवलं, तर समोरच्या बाई म्हणाल्या, ‘अहो, जीव वाचतोय ना? मग चेहऱ्याचं काय घेऊन बसलात ह्या वयात!’

हे वाक्य बोलणाऱ्याचा चेहरा नेहमी स्वच्छ असतो.

जीव काही हवेत लोंबकळत नसतो. तो ह्याच चेहऱ्यानं दूध घ्यायला खाली उतरतो, ह्याच चेहऱ्यानं हळदीकुंकवाला जातो. माझ्याच बाकड्यावरच्या एका तरुण बाईनं दोन आठवडे गोळी बंद ठेवली होती, कुणाला न सांगता, मुलाच्या शाळेतल्या पालकसभेसाठी. तिला वेडं म्हणायला मी तयार नाही. पुरळ असह्य झालं म्हणून डॉक्टरही कधी डोस कमी करतात, कधी गोळी थांबवतात. म्हणजे कातडीकडे लक्ष देणं हा लाडावलेपणा नाही, उपचाराचाच भाग आहे. अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरच्या पेशंटांवर एक चाचणी झाली, औषध ह्याच घंटेवरचं; तिचे निष्कर्ष २०१० मध्ये छापून आले. काहींना पहिल्या दिवसापासून मॉइश्चरायझर, सनस्क्रीन, सौम्य मलम आणि डॉक्सिसायक्लिन दिलं. बाकीच्यांना त्रास झाल्यावर. आधीपासून काळजी घेतलेल्यांत जोराचं पुरळ निम्म्याहून कमी निघालं. एवढा साधा उपाय. पण तो मागायला पेशंटनं ‘मला माझ्या चेहऱ्याची काळजी वाटते’ हे वाक्य लाज न बाळगता डॉक्टरांसमोर म्हणायला हवं, आणि आपल्याकडे साठीच्या बाईच्या तोंडून ते निघत नाही. त्या पालकसभेवालीला मी ते पाठ करून घ्यायला लावलं. पाढ्यासारखं.

हे सगळं ऐकून आमच्या ह्यांच्या मनात वेगळाच विचार. ‘डोक्यावर केस आणणारं नाही का काही?’ त्यांच्या टकलाचा इतिहास आमच्या लग्नाइतका जुना आहे. तसं नाही, पण रंग देणारं आहे. स्पेनमधल्या डॉक्टरांनी २०१७ मध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या चौदा पेशंटांची हकिगत छापली. त्यांना प्रतिकारशक्ती जागी करणारी इंजेक्शनं चालू होती, आणि त्यांचे पिकलेले केस पुन्हा काळे होऊ लागले होते. पहिल्यांदा डॉक्टरांना वाटलं, एखाद्याचंच असं झालंय. मूत्रपिंडाच्या कॅन्सरसाठी सुनिटिनिब नावाची गोळी आहे, तिची तऱ्हा उलटी. ती चार आठवडे घ्यायची आणि दोन आठवडे सुट्टी, त्यामुळे काहींच्या केसावर पांढरा-काळा-पांढरा असे पट्टे उमटतात. एका केसावर औषधाचं वेळापत्रक. ह्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, ‘म्हणजे मुळात केस असावे लागतात.’ हो, म्हटलं.

नखांचं प्रकरण विनोदी नाही, तरी सांगते. पायाच्या अंगठ्याला नखुरडं होतं. कडेचं मांस सुजून नखावर चढतं, लाल, ओलं, मोज्याला चिकटणारं. अर्धं पाणी, अर्धं व्हिनेगर अशा द्रावणात पाय बुडवून बसते, तेव्हा घरभर चायनीजच्या गाडीचा वास येतो. हाताच्या बोटांच्या टोकांना भेगा पडतात, अगदी सुरीनं चिरल्यासारख्या, नखाच्या कडेनं सुरू होऊन पेरापर्यंत. लसूण सोलताना त्या भेगेत साल शिरली की ब्रह्मांड आठवतं. मिरचीचा तर विषयच नको. आजी टाचांना कोकमाचं तेल लावायची, तेच मी बोटांना लावून बघितलं. मऊ होतं, पण खोल भेग मिटत नाही. त्वचेच्या डॉक्टरांनी उपाय सांगितला तो ऐकून मी दोनदा विचारून घेतलं : भेग नुसती कोरडी असेल, पू वगैरे नसेल, तर तिच्या कडा जुळवून वरून चिकटद्रव्याचा थेंब. सायनोॲक्रिलेट. म्हणजे ज्यानं हे चष्म्याची दांडी चिकटवतात, त्याच कुळातलं. डॉक्टरांना विचारून, त्यांनी दाखवून दिलं म्हणून मी केलं, नाहीतर नातवाच्या दप्तरातली ट्यूब घेऊन कुणी सुरू व्हायचं. भेग बंद झाली, दुखणं थांबलं, आणि दोन दिवस मी आपल्याच अंगठ्याकडे दुरुस्त केलेल्या वस्तूसारखी बघत होते.

हाच अंगठा घेऊन नोव्हेंबरात बँकेत गेले. पेन्शनवाल्यांना दर नोव्हेंबरात हयातीचा दाखला द्यावा लागतो हे सगळ्यांना माहीत आहे. मशीनवर अंगठा ठेवायचा, आधारशी जुळला की आपण जिवंत. माझा जुळेना. पुसून ठेवला, जुळेना. तर्जनी ठेवली, तिला भेग. मधलं बोट, त्याला मलम. रांगेतले लोक सल्ले द्यायला लागले : कपाळाला घासून ठेवा, केसांना पुसून ठेवा, फुंकर मारा. मशीनचं मत ठाम होतं. एवढी औषधं, एवढे स्कॅन, एवढा खर्च करून मी ज्या एका गोष्टीसाठी झटत होते, नेमकी तीच त्या यंत्राला पटेना.

काउंटरवरची मुलगी शहाणी होती. ती म्हणाली, ‘मॅडम, चेहऱ्यावरून करू या,’ आणि तिनं मोबाइल माझ्यासमोर धरला. पडद्यावर एक गोल आला, त्यात माझा चेहरा, पुटकुळ्यांसकट. आधार कार्डावरचा फोटो गोळीच्या आधीचा. त्यातली बाई आणि ही बाई एकच असल्याची साक्ष मी स्वतःसुद्धा चटकन दिली नसती. खाली सूचना आली, डोळे मिचकवा. मी चष्मा काढला आणि मिचकावले. मुलगी पडद्याकडे बघत म्हणाली, ‘अजून एकदा. सावकाश.’ नेत्रतज्ज्ञांची तारीख दोन दिवसांवर आलेली, त्यामुळे पापण्या पूर्ण वाढीला लागल्या होत्या. त्या वर जायच्या, खाली यायच्या, आणि मागच्या बाकावरचे एक निवृत्त तलाठी अकारण खोकले.

मोबाइल हिरवा झाला.

‘झालं. एक वर्ष चालेल,’ ती म्हणाली. ह्या गोळीचंही साधारण तसंच असतं, हे मला ठाऊक आहे. बऱ्याच जणांत वर्षाच्या आगेमागे गाठ दुसरी वाट शोधून काढते आणि मग पुढची गोळी, ऑसिमर्टिनिब किंवा आणखी काही. पापण्या एखाद दिवशी सरळ, आखूड व्हायला लागल्या तर मी आरशापुढे उभी राहून खूश होईन असं मला वाटत नाही. सध्या तरी त्या वळतायत, आणि चष्म्याची काच दिवसातून चारदा पुसावी लागते.

ह्यांचा अंगठा पहिल्याच फटक्यात लागला. घरी येईपर्यंत ते असे रुबाबात चालत होते की जिवंत असणं ही त्यांची स्वकमाई होती.